उचकीवाल्याचं हसू

दर गुरुवारी दुपारी दोन वाजता एमिल कोसिक स्टुडिओच्या मागच्या फाटकातून आत येई, आणि त्याच्या हातगाडीवर एक कुलूपबंद पेटी असे. कमरेएवढी उंच, तपकिरी, कडा झिजलेली. पुढच्या अंगाला टाइपरायटरसारख्या बत्तीस कळा आणि खाली पायाने दाबायची एक पट्टी. कळ दाबली की माणसं हसत, पट्टीवरचा पाय सैल केला की हसू ओसरे. हॉलिवूडमध्ये त्या काळी ज्या काही विनोदी मालिका निघत, त्यातल्या निम्म्यांना एमिलच्या पेटीतली माणसं हसत असत. पेटीत काय आहे हे आम्हां सगळ्यांना ठाऊक होतं, पण पेटी उघडलेली मात्र कोणीच पाहिली नव्हती. टेप तुटली तर तो पेटी ढकलत न्हाणीघरात नेई आणि आतून कडी लावून दुरुस्त करी. बायकोपासूनही माणूस इतकं लपवत नाही. एमिलला तर बायकोही नव्हती.

स्वतः एमिल कधी हसत नसे. अठ्ठावन्न वर्षांचा, लांब चेहऱ्याचा, नेब्रास्काकडचा माणूस. पण हसण्यातलं त्याला जितकं कळे तितकं मोठमोठ्या विनोदी नटांना कळत नसे. विनोद संपायच्या किंचित आधी कोणीतरी एकाने हसलं पाहिजे, बाकीच्यांनी मागून. आणि शेवटी एखाद्याला उशिरा कळलं पाहिजे, म्हणजे ते खरं वाटतं. ही माणसं त्याने वीस-पंचवीस वर्षांपूर्वी रेडिओच्या कार्यक्रमांतून टिपून ठेवली होती. त्यांची नावं त्याला माहीत नव्हती, म्हणून त्याने आपली नावं ठेवली होती. एक 'बेकरीवाली' होती, एक 'दमेकरी काका', एक 'लाजाळू'. आणि खालच्या ओळीत तिसऱ्या कळीवर होता 'उचकीवाला'. आधी दोन उचक्या, मग घोडं उधळल्यासारखी एक आरोळी.

हा उचकीवाला म्हणजे विरजण होता. दूध कितीही नाठाळ असो, चमचाभर विरजण घातलं की लागतं, तसा हा हसला की बाकीचे एकतीस त्याच्या मागे हसायला लागत. पण तो फार वेगळा, एकदा ऐकला की लक्षात राहणारा, आणि या धंद्यात ओळखू येणारं हसू म्हणजे धोका. म्हणून एमिल त्याला वर्षातून दोन-चार वेळाच काढी. अगदीच विनोद लंगडा असला तर.

एकोणीसशे चौऱ्याहत्तरच्या फेब्रुवारीत असा एक प्रसंग आला. मालिकेचं नाव 'सात नंबरचा तंबू'. कोरियातल्या लढाईतलं एक फिरतं इस्पितळ, त्यातले वात्रट डॉक्टर, त्यांना पुरून उरणाऱ्या नर्सा आणि न संपणारे जखमी. मालिका लिहिणारा आणि काढणारा सिड लॅपकिन ब्रुकलिनचा. तो स्वतः तिकडे असल्याच इस्पितळात स्ट्रेचर उचलायला होता, त्यामुळे त्याला तंबूतला चिखलसुद्धा खरा लागे. एका भागात शस्त्रक्रियेच्या तंबूत डॉक्टर कोणाच्या तरी पोटातला लोखंडाचा तुकडा काढता काढता जेवणातल्या मटणाला नावं ठेवतो. चॅनेलचा हुकूम होता, तिथे हसू हवं. एमिलने बेकरीवाली लावून पाहिली, दमेकरी काका लावून पाहिला, कोणी म्हणजे कोणी तिथे लागू होईना. शेवटी त्याने उचकीवाल्याला काढला, आणि सगळे हसले.

मार्चच्या पहिल्या गुरुवारी लॅपकिनने त्याच्या हातात एक पत्र ठेवलं.

"वाच," लॅपकिन म्हणाला. "बसून वाच."

पत्र मिनेसोटातल्या एका खेड्यातून आलं होतं. अक्षर शाळेत घटवल्यासारखं.

'स. न. वि. वि. मी आल्मा ब्रँडव्होल्ड, वय एकाहत्तर. घरात टीव्ही नव्हता, माझ्या यजमानांना आवडत नसे. ते गेल्यावर मुलीने या नाताळात आणून दिला. तुमच्या मालिकेत इस्पितळाच्या तंबूत डॉक्टर मटणाबद्दल बोलतो तेव्हा जो पहिला हसतो तो माझा मुलगा हाल्वर आहे. हाल्वर एप्रिल १९५१ मध्ये कोरियात असल्याच एका तंबूत ऑपरेशनच्या टेबलावर गेला. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. मला वेड लागलेलं नाही, मुलगी विचारते म्हणून आधीच लिहिते. तुम्हांला दोनच गोष्टी विचारायच्या आहेत. तो माझाच मुलगा आहे ना? आणि असेल, तर दुसऱ्या आईचं पोर टेबलावर पडलेलं असताना माझा मुलगा हसतोय का? तो तसा नव्हता. कृपा करून उत्तर द्यावे.'

एमिलने पत्राची घडी जशी होती तशी घातली.

"तो आहे का तिचा?" लॅपकिनने विचारलं.

"मी नावं विचारत नाही, सिड."

"मी तुला नाव नाही विचारलं."

एमिलने पत्र टेबलावर ठेवलं. त्याला तो रविवार लख्ख आठवत होता. डिसेंबर पन्नास. रेडिओवरच्या विनोदी कार्यक्रमाचं थेट प्रक्षेपण. जहाजाची वाट बघत बंदरावर अडकून पडलेल्या सैनिकांना पुढच्या दोन ओळी फुकट असत. एमिल तेव्हा साधा ध्वनितंत्रज्ञ होता, प्रेक्षकांच्या डोक्यावर मायक्रोफोन टांगायचं काम त्याचं. दुसऱ्या ओळीत कडेला एक लांबुडका, पांढुरक्या भुवयांचा पोरगा बसला होता, आणि तो हसायला लागल्यावर एमिलने कानावरचे फोन हाताने घट्ट दाबून धरले होते.

तासाभराने चॅनेलचा कर्टिस पेल आला. पेल काही वाईट माणूस नव्हता, हे सांगायला हवं, कारण पुढे त्याचा राग येईल. त्याची स्वतःची आई एकटी राहायची आणि टीव्हीशी बोलायची. त्यामुळे हसू घातलं नाही तर एकट्या माणसांना घर खायला उठेल, असं तो मनापासून मानायचा. त्याने उत्तर टाइप करूनच आणलं होतं. आमच्या मालिकेतलं हसू शेकडो जणांच्या आवाजांचं मिश्रण असतं, त्यात कोणा एकाचा आवाज असणं शक्यच नाही, आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. खाली एमिलच्या सहीला जागा.

"मीच का?" एमिलने विचारलं.

"पेटी तुमची, शब्द तुमचा. मिस्टर कोसिक, एका बाईला हो म्हटलंत तर उद्या अर्धी अमेरिका आपापले मेलेले शोधायला दारात उभी राहील. मग पेटी उघडावी लागेल. चालेल तुम्हांला?"

"कर्टिस, त्या बाईला खोटं लिहायचं?" लॅपकिन म्हणाला.

"खोटं कुठे? शेकडो आवाज आहेतच की."

एमिलने खिशातून पेन काढलं आणि सही केली. पेटी उघडणं त्याला मान्यच नव्हतं. बावीस वर्षं त्याने स्वतःला एकच गोष्ट बजावली होती, की हसण्याला मालक नसतो. आता मालक निघाला असं मान्य केलं तर मग बाकीच्या एकतीस जणांचं काय? लॅपकिन खिडकीबाहेर बघत राहिला, आणि त्या दिवशी दोघं एकमेकांशी कामापुरतं बोलले.

पुढचे दोन आठवडे एमिलने खालच्या ओळीतल्या तिसऱ्या कळीला बोट लावलं नाही. पत्र गेलं, विषय संपला, असं तो म्हणत होता. पण मन चिंती ते वैरी न चिंती. रात्री अंथरुणावर पडलं की त्या दोन उचक्या कानात यायच्या आणि आरोळीच्या आधी तो उठून बसायचा.

तिसऱ्या गुरुवारी फाटकावरच्या पहारेकऱ्याने त्याची हातगाडी थांबवली.

"एमिल, तुझ्याकडे पाहुणी आल्येय. मंगळवारी आली होती. म्हटलं, तो गुरुवारचा येतो, तर म्हणाली, मग गुरुवारी येते. सकाळी नऊपासून बसल्येय बघ."

पहारेकऱ्याच्या खोलीत, भिंतीशी टेकलेल्या खुर्चीवर, मांडीवर पत्र्याचा डबा घेऊन एक उंच म्हातारी बसली होती. लॉस एंजेलिसच्या त्या उन्हात तिच्या अंगावर लोकरीचा कोट होता आणि भुवया पांढुरक्या होत्या. एमिलला ओळख पटायला नाव लागलं नाही.

"तुम्ही मिस्टर कोसिक?" तिने कोटाच्या खिशातून एक पत्र काढलं. "ही सही तुमची?"

"माझी."

"दोन दिवस बसमध्ये होते. वाटेत चार वेळा वाचलं. चांगलं पत्र आहे हो, पण माझ्या प्रश्नाचं उत्तर काही यात नाही. म्हणून म्हटलं, समोरच विचारावं." तिने डबा सावरला. "ऐकवा मला. नाही म्हणालात तर परतीची बस साडेसहाला आहे."

एमिलने हातगाडी वळवली आणि मानेनेच तिला बरोबर यायला सांगितलं. पेटीचं एक चाक कुरकुरत होतं. म्हातारी त्या चाकाच्या वेगाने मागून आली.

आवाज जोडायच्या खोलीत लॅपकिन आधीच बसला होता. समोरच्या पडद्यावर त्या आठवड्याचा भाग थांबवून ठेवला होता. म्हातारीला बघून तो ताडकन उठला.

"सिड, या मिसेस ब्रँडव्होल्ड," एमिल म्हणाला. "दार लाव."

मग त्याने गळ्यातली किल्ली काढली, कुलूप उघडलं आणि पेटीचं मागचं झाकण बाजूला केलं. लॅपकिन इतक्या वर्षांच्या कुतूहलाने पुढे वाकला आणि जरासा हिरमुसला, कारण आत नुसती चाकं होती आणि त्यांवर फिरणारी टेपची वेटोळी. प्रत्येक वेटोळ्याखाली औषधाच्या बाटलीवर असते तशी कागदाची पट्टी. बेकरीवाली. दमेकरी काका. लाजाळू.

"खालची ओळ, तिसरी," एमिल म्हणाला. "तुम्हीच दाबा, बाई. मी खोटी सही केली होती. तो तुमचाच आहे."

म्हातारीने हातमोजा काढला. बोट कळीवर ठेवलं आणि बराच वेळ ते नुसतं ठेवूनच राहिली. मग दाबलं.

दोन उचक्या, आणि आरोळी.

तिने पुन्हा दाबलं. तिसऱ्यांदा दाबलं. रडली नाही. शाळेतून उशिरा आलेल्या पोराकडे बघावं तशी ती पेटीकडे बघत होती, जरा रागावून.

"सर्दी झाली होती त्याला," ती म्हणाली. "ऐका ना, नाक चोंदलंय. मला पत्रात लिहिलं होतं, ठणठणीत आहे म्हणून. लबाड."

एमिल मान खाली घालून उभा होता. "बाई, मी तुमची क्षमा..."

"ते राहू द्या हो. आता मला एक सांगा." तिने डबा पेटीवर ठेवला. "तो काय बघून हसला?"

"म्हणजे?"

"त्याने कळवलं होतं, आई, रविवारी रेडिओ लाव, मी तिथे बसणार आहे. आम्ही सगळे लावून बसलो. त्याचे वडीलसुद्धा गोठ्यातून लवकर आले. कार्यक्रमाच्या मध्येच धाडकन काहीतरी पडलं, आणि मग ही माणसं हसायला लागली ती थांबेनातच. त्यात हा. आम्ही ओळखला आणि आम्हीही हसलो. पण का, ते काही कळलं नाही. रेडिओ तो, दिसतंय काय त्यात! मी पत्रातून विचारलं, अरे झालं काय होतं? तर त्याचं उत्तर आलं, आई, ते लिहून नाही सांगता येणार, करून दाखवावं लागेल. घरी आलो की दाखवतो." ती थांबली. "तेवीस वर्षं झाली. त्याचे वडील शेवटच्या आजारातसुद्धा म्हणाले, आल्मा, काय पडलं असेल गं ते?"

लॅपकिनने चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

"दार," एमिल म्हणाला.

"काय?"

"दार पडलं. रेडिओत आवाजासाठी एक दार असायचं. नुसती चौकट, त्यात खरं दार, खरी मूठ. नट म्हणाला 'मी निघालो' की आवाजवाल्याने मागून ते आपटायचं. तर त्या दिवशी आवाजवाला दारामागे लपून सँडविच खात होता. गस त्याचं नाव, पोटाने गोल. नट म्हणाला 'मी निघालो', गसने घाईत मूठ ओढली, तर मूठ हातात आली आणि दार..."

एमिल थांबला. हे सांगून उपयोगाचं नव्हतं, पोरगा बरोबरच बोलला होता. एमिलने आयुष्यात कधी कोणासमोर नक्कल केली नव्हती. त्याच्या लांब चेहऱ्यावर लाली चढली.

"बाई, या डब्यात काय आहे?"

"बटाट्याच्या पोळ्या. लोणीसाखर लावलेल्या. वाटेत खायला केल्या होत्या."

"एक देता?"

त्याने गुंडाळलेली पोळी तोंडात अर्धी कोंबली. उघडलेलं कुलूप हातात घेतलं, ती झाली मूठ. खोलीच्या मधोमध जाऊन उभा राहिला. समोर दार आडवं पडल्यासारखं त्याने खाली पाहिलं. मग वर, समोर, तीनशे प्रेक्षकांकडे. गाल फुगलेले, चावायची हिंमत नाही. क्षणभर त्याला काय करावं सुचेना, गसलाही सुचलं नव्हतं. मग अतिशय अदबीने त्याने हातातली मूठ हवेत नेली, नसलेल्या दाराला लावली, फिरवली. नसलेलं दार उघडलं. त्यातून जपून, पोट आत घेऊन बाहेर गेला. आणि वळून ते दार हळूच, कोणाची झोप मोडू नये अशा बेताने, ओढून घेतलं.

एक उचकी ऐकू आली. मग दुसरी. मग ती आरोळी, घोडं उधळल्यासारखी.

लॅपकिनने चमकून पेटीकडे पाहिलं. कळांपाशी कोणीही नव्हतं. म्हातारी खुर्चीचा हात धरून हसत होती, तोंडावर हातमोजा दाबून, आणि दाबल्याने ते अधिकच उसळत होतं. एमिलने तोंडातला घास गिळला. त्याने उभ्या आयुष्यात हजारोंचं हसू ऐकलं होतं आणि त्यांतलं कुठलं कोणाच्या पोटातून आलं याचा त्याने कधी विचार केला नव्हता. आता त्याला ते उगमाशी उभं राहून ऐकायला मिळालं, आणि त्याच्या डोळ्यांना धारा लागल्या.

"दार!" म्हातारी डोळे पुसत म्हणाली. "अहो, दार होतं ते! आमचे हे म्हणायचे, शिडी असणार. मी म्हणायचे, पियानो." मग ती हळूहळू शांत झाली. "बरं झालं कळलं."

लॅपकिनने तिला कॉफी आणून दिली. ती पिता पिता तिची नजर पडद्यावर गेली. तिथे तोच तंबू होता, टेबलावर एक पोरगा, वर दिवा, भोवती मास्क लावलेले.

"हा आता व्हायचाय ना भाग? दाखवाल?"

"बाई, हा नको," लॅपकिन म्हणाला. "यात तो पोरगा वाचत नाही."

"माझाही वाचला नाही. दाखवा."

लॅपकिनने दाखवला. टेबलावरचा पोरगा घाबरलाय, भुलीचं औषध अजून चढायचंय. डॉक्टर वाकून त्याला म्हणतो, "घाबरू नकोस रे, मी हे ऑपरेशन शंभर वेळा केलंय. एकदा तरी नीट जमायलाच हवं." पोराच्या तोंडावर मास्क येतो, डोळे मिटतात. पुढे सगळी धावपळ, आणि शेवटी डॉक्टर हातमोजे काढतो.

"इथे आम्हांला हसू घालायचंय," लॅपकिन कडवटपणे म्हणाला. "'शंभर वेळा'वर. चॅनेलचं म्हणणं, या तंबूत एक तरी हसू हवंच, नाहीतर भाग दाखवणार नाही. मी स्वतः तिकडे असल्या तंबूत होतो, पंधरा दिवस भांडतोय."

"हसणारे कुठे बसलेत?"

"कुठेच नाही. घरच्यांना सोबत म्हणून."

"पण तंबूत तर ते नाहीत ना? मग ते कोणाच्या पोरावर हसतायत?" तिने कप खाली ठेवला. "तुम्ही होतात ना हो तिकडे? तुमच्या तंबूत कोणी हसायचं?"

"हसायचो," लॅपकिन म्हणाला. "पुष्कळ हसायचो, बाई. नाहीतर वेड लागलं असतं. पण आम्हीच. ज्याचे हात त्यात होते तोच. बाहेरचा कोणी आत येऊन हसला असता तर त्याला स्ट्रेचरच्या दांड्याने हाणला असता."

"आणि टेबलावरचा?"

"कधीकधी तोही. औषध चढेपर्यंत."

म्हातारी बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली. त्या पोराचा चेहरा मास्कखाली होता, नुसते डोळे आणि कपाळ.

"मला इतकंच कळवलं होतं की टेबलावर गेला," ती म्हणाली. "मी रोज विचार करते, तेव्हा त्याच्याशी कोणी बोललं असेल का? कोणी काही चावट बोललं असेल तर हाल्वर हसल्याशिवाय राहिलाच नसेल. प्रार्थनेच्या वेळीसुद्धा राहायचा नाही." ती एमिलकडे वळली. "हा मुलगा एवढा विनोद ऐकतो आणि हसत नाही, असं कसं? त्याला हसू द्या की. तुमची बाकीची मंडळी काढा तिथून. माझा त्यांच्यात बसायचा नाही. त्याला टेबलावर घ्या."

एमिल पेटीपाशी बसला. लॅपकिनने चित्र मागे नेलं. डॉक्टर वाकला, बोलला, मास्क पुढे आला, आणि एमिलने तिसरी कळ दाबली. पायाखालची पट्टी त्याने इतकी हळू सोडली की मास्कखाली दोन उचक्या आल्या, आरोळी सुरू झाली, आणि औषध चढावं तशी मध्येच विरत विरत दूर गेली. डोळे मिटले. पुढच्या साडेतीन मिनिटांत त्याने एकाही कळीला बोट लावलं नाही. तंबूत फक्त हत्यारांचा आवाज होता.

म्हातारीने मान हलवली. "असंच," ती म्हणाली. "असंच झालं असणार."

पाच वाजता पेल आला. कोपऱ्यातल्या म्हातारीकडे त्याने पाहिलं, ओळख करून दिल्यावर त्याचे कान लाल झाले, आणि तो पटकन खुर्चीत बसला. त्याला तंबूतला प्रसंग दाखवला. संपल्यावर त्याने मंजुरीचा कागद पुढे ओढला.

"पण प्रेक्षक हसत नाहीयेत," तो म्हणाला. "आपलं ठरलं होतं..."

"तंबूत एक तरी हसू हवं, असं ठरलं होतं," एमिल म्हणाला. चॅनेलच्या माणसाला त्याने उलटून उत्तर दिल्याची आमच्या स्टुडिओतली ही पहिली वेळ. "एक आहे. मोजून घ्या."

पेलने म्हातारीकडे पाहिलं. तिने डब्याचं झाकण उघडून त्याच्यापुढे धरलं. "घ्या एक पोळी. आई आहे तुमची?"

"आहे," पेल म्हणाला. त्याने पोळी घेतली, खाल्ली आणि कागदावर सही करून निघून गेला. दार त्याने फार हळू ओढून घेतलं, आणि ते बघून खुर्चीतून पुन्हा एक उचकी आली.

फाटकाशी टॅक्सी उभी होती. एमिलने खिशातून एक छोटी डबी काढली. त्याने पेटीतून तिसरं वेटोळं काढलं होतं.

"हे तुमचं."

तिने डबी हातात घेतली, उन्हात धरून बघितली आणि परत त्याच्या हातात ठेवली.

"मी कशावर लावू? शिवणाच्या मशिनीवर? असू द्या तुमच्याकडे. तिथे त्याला चार माणसांची सोबत आहे, ती बेकरीवाली आहे. फक्त उगाच कोणाच्याही विनोदाला हसवू नका त्याला. चांगलं काही असलं तर बघा."

एमिलने वेटोळं जागेवर बसवलं आणि त्याच्याखालची 'उचकीवाला' ही पट्टी खरवडून काढली. नव्या पट्टीवर लिहिलं, 'हाल्वर'. पुढे ती कळ त्याने कधी दाबल्याचं कोणाच्या ऐकिवात नाही. चांगलं काही असलं तर, असं तो म्हणत राहिला. आमच्या मालिकांबद्दल त्याचं मत काय होतं ते यावरून समजावं.

भाग एप्रिलमध्ये एका मंगळवारी लागला. आठवड्याने एमिलच्या नावाने एक पोस्टकार्ड आलं, ते त्याने पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलं. आता गुरुवारी झाकण उघडंच असे, त्यामुळे आम्ही सगळ्यांनी ते वाचलं.

'मिस्टर कोसिक यांस, मंगळवारी पाहिला. मुलगी आणि शेजारीण बसल्या होत्या. पोराचं हसू संपलं आणि शेजारीण म्हणाली, आज तुझ्या टीव्हीला झालंय काय, लोक कसे हसत नाहीत? मी म्हटलं, लोकांना आत बोलावलंच नव्हतं गं. आत आपलीच माणसं होती.'